शाळेमागचे खत : प्रस्तावना

केळीचे झाड आयुष्यात एकदाच फळते. घड उतरवला की त्याचे काम संपले. मागे उरतो पुरुषभर उंचीचा पाणीदार खांब, फाटलेली पाने आणि बुंध्याशी डोके वर काढणारी पिले. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे कापणीनंतर एका हेक्टरातून तेवढेच खांब शेताबाहेर काढायचे, नाहीतर शेतातच जिरवायचे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात हे काम कुठे ना कुठे चालूच असते. कोणी शेतकरी खांबाचे तुकडे करून दोन ओळींमध्ये पसरतो, कोणी ट्रॉली भरून नाल्याकाठी ओतून येतो. तापीच्या पट्ट्यातल्या रस्त्यांच्या कडेला काळे पडत चाललेले ढीग दिसतात आणि त्यांच्या बाजूने पाठीवर दप्तर घेतलेली मुले शाळेला जातात.

बहादरपूर याच पट्ट्यातले. एके काळी ही बऱ्हाणपूर शहराबाहेरची श्रीमंत पेठ होती. जानेवारी १६८१ मध्ये मराठ्यांचे सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने बऱ्हाणपुरावर चाल केली तेव्हा लुटीचा पहिला घाव याच पेठेवर, तेव्हाच्या बहादूरपुऱ्यावर, पडला. आजच्या गावाला केळी ओळखीची, कापूस ओळखीचा, यंत्रमागाचा खडखडाट ओळखीचा. इथल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते आणि शाळेच्या पुस्तकात हिंदी असते. अशा गावातली पहिली ते पाचवीची मुले आणि त्यांचे शिक्षक डोळ्यांपुढे ठेवून पुढची पाने लिहिली आहेत. विषय एकच: शाळेच्या मागच्या बाजूला, मुलांच्या हाताने आणि मुलांच्या नजरेखाली कचऱ्याचे खत करणे, आणि त्या निमित्ताने परिसराचे भान येणे.

पर्यावरण हा विषय शाळेत नाही असे नाही. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल निकाल दिला, २००३ मध्ये हा विषय शाळांमधून सक्तीने शिकवण्याबद्दल पुन्हा बजावले, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक वर्गांत विज्ञान आणि समाज यांची सांगड घालून परिसराचा विषय एकत्र शिकवावा असे सांगितले. कागदावर सगळे ठीक आहे. प्रत्यक्षात मुलाच्या वाट्याला येते ते चित्रकला स्पर्धेतले हिरवे झाड, भिंतीवरची घोषणा आणि ५ जूनची प्रतिज्ञा, आणि तो दिवस आपल्याकडे ऐन उन्हाळी सुट्टीत येतो. हिमनग वितळत आहेत, हवा विषारी होत आहे, हे सातव्या वर्षी ऐकणाऱ्या मुलाच्या हाती भीतीखेरीज काही लागत नाही. त्याने त्याबद्दल करायचे काय? आणि काही करता येत नसेल तर ते मूल तो धडा इतर धड्यांसारखाच पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते. माझ्या मते लहान मुलाला पर्यावरणाची पहिली ओळख अशाच गोष्टीतून व्हायला हवी जी त्याच्या आवाक्यात सुरू होते, त्याच्या डोळ्यांदेखत बदलते आणि त्याच्याच हातात संपते. खताचा खड्डा हे तिन्ही करतो.

आणि ही विद्या काही बाहेरून आणायची नाही. कंपोस्ट म्हणून आज जगभर जे शिकवले जाते त्याची एक मोठी प्रयोगशाळा आपल्याच वाटेवर होती. इंदूरहून इच्छापूरकडे येणारा रस्ता बऱ्हाणपुरातून जातो. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते. होळकर संस्थानच्या जमिनीवर उभी राहिलेली ही संस्था मुख्यतः कापसावर संशोधन करणारी. पण चांगले वाण शोधायचे तर आधी जमिनीत जीव हवा, आणि शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात असताना जमिनीला द्यायचे काय, या प्रश्नापाशी हॉवर्ड थांबले. शेतात जे जे टाकाऊ म्हणून उरते, तण, पाला, धसकटे, गोठ्यातली मुरलेली माती, राख, त्या सगळ्याचे थोड्याशा शेणाच्या विरजणावर तीन महिन्यांत उत्तम खत कसे करायचे, हे त्यांनी तिथे बसवले. १९३१ साली त्यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. संस्थेतले रसायनाचे काम वाड पाहत. हॉवर्ड यांचे नाव पुढे सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून गाजले. वाडांचे नाव मराठी माणसांनाही फारसे ठाऊक नाही. इथल्या शिक्षकाने ते फळ्यावर एकदा तरी लिहावे अशी माझी इच्छा आहे.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मुलांना फार आवडेल. पऱ्हाटी आणि तुराट्या कठीण असतात, लवकर कुजत नाहीत. त्या फोडायला यंत्र आणायचे कुठून? इंदूरच्या शेतावर त्या वाटेवर अंथरून ठेवत. बैलगाड्या येत-जात, चाकांखाली आणि खुरांखाली त्या चिरडून निघत, आणि मग खड्ड्यात जात. खड्डाही ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल मात्र दोन-तीन फूटच, कारण त्याखाली हवा पोचत नाही आणि हवेवाचून कुजणे म्हणजे सडणे. हॉवर्ड यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले प्राध्यापक. चीनमधल्या शेतकऱ्यांच्या पद्धती त्यांनी वाचल्या, इथल्या शेतकऱ्यांचे उकिरडे पाहिले, आणि त्यावर मोजमापाची शिस्त बसवली. बहादरपूरच्या वर्गात बसलेल्या मुलाची आजी उकिरड्याबद्दल जे जाणते, ते या शास्त्राच्या पायात आहे. शाळेने ते मान्य केले, आजीला तासाभरासाठी शाळेत बोलावले, तर मुलाला घर आणि शाळा ही दोन वेगळी जगे वाटणार नाहीत.

दुसरे नाव विदर्भातले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत. नावातल्या अक्षरांवरूनच त्यांच्या पद्धतीला नाडेप हे नाव पडले. जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके, भिंतीत हवेसाठी मुद्दाम सोडलेली भोके. आत पालापाचोळा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर. वरून शेणमातीने लिंपण. तीन ते चार महिन्यांत खत. यातली खुबी अशी की शेण अगदी थोडे लागते. शंभर किलोच्या आतबाहेर शेणात टाके भरते. मध्य प्रदेशातल्या गावोगावी पंचायतींनी नाडेपची टाकी बांधली आहेत. पुष्कळ ठिकाणी ती रिकामी उभी असतात आणि त्यात प्लास्टिक साचते. शाळेजवळ असे टाके असेल तर नवीन काही बांधू नये. ते साफ करून मागून घ्यावे.

शाळेला एवढे मोठे टाके लागतही नाही. मात्र फार लहानही चालत नाही. ढीग साधारण एक घनमीटरचा, म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी मीटरभर, असला तरच आत ऊब धरते. बादलीत खत होते, पण ते थंडपणे होते आणि मुलांना सर्वांत मोठे नवल पाहायला मिळत नाही. ते नवल म्हणजे उष्णता. नीट भरलेला ढीग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापतो, आतले तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते. एक लोखंडी सळई ढिगात मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटे ठेवावी, बाहेर काढून आधी शिक्षकाने हात लावून पाहावा, मग मुलांनी. आग नाही, ऊन नाही, आणि सळई गरम! हा प्रश्न एकदा मुलाच्या मनात उभा राहिला की जिवाणू हा शब्द त्याला शिकवावा लागत नाही. तो कुणीतरी सांगावा म्हणून ते मूल वाट पाहत असते. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव आत खात आहेत, श्वास घेत आहेत, आणि त्यांच्या खाण्याची ही ऊब आहे, एवढेच सांगावे. थंडीच्या सकाळी ढीग उकरला की वाफ निघते. ती पाहण्यासाठी मुले शाळा भरण्याच्या आधी येतात.

कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण पंचवीस-तीसास एक असावे, हे शिक्षकाला माहीत असावे. मुलांना ते पाठ करायला लावू नये. त्यांच्यासाठी ‘एक टोपली ओले, दोन टोपल्या सुके’ हा नियम पुरे. ओले म्हणजे मध्यान्ह भोजनाच्या भाज्यांची देठे-साले, हिरवे गवत, केळीचा खांब. सुके म्हणजे कडुनिंबाचा, चिंचेचा पाला, केळीची वाळलेली पाने, सोयाबीनचे कुटार, मोडलेली पऱ्हाटी. आपल्या भागात केळीच्या खांबाबद्दल सावध राहायला हवे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. पालाश भरपूर असल्याने खत उत्तम होते, पण नुसतेच खांब टाकले तर त्यांचा लगदा होतो, हवा कोंडते आणि वास सुटतो. वितीएवढे तुकडे करून दोन दिवस उन्हात टाकावेत, मग सुक्याबरोबर थर द्यावा. तुकडे करण्याचे काम मोठ्यांचे. खांबाच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हे इथल्या आयांना सांगायला नको.

वासावरून निदान करायला मुले चटकन शिकतात. नाकाला झोंबणारा, मोरीत येतो तसा वास आला तर ओले जास्त झाले, सुके घाला. कुजक्या अंड्यांचा वास आला तर हवा नाही, ढीग परता. काहीच वास नाही आणि ढीग थंड, तर बहुधा पाणी कमी. मूठभर खत घेऊन दाबावे. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त. आणि शेवटी एक दिवस पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. त्या दिवशी खत झाले.

पण माझ्या दृष्टीने या साऱ्या उपक्रमाचा गाभा ढिगाच्या बाजूला ठेवलेल्या पाच कुंड्यांत आहे. पाचही कुंड्यांत सारखी माती भरायची. पहिलीत केळीची साल पुरायची, दुसरीत कडुनिंबाची डहाळी, तिसरीत सुती चिंधी, चौथीत यंत्रमागावरच्या कृत्रिम धाग्याची चिंधी, पाचवीत चिप्सचे किंवा गुटख्याचे रिकामे पाकीट. कुंड्यांवर तारीख आणि नाव. रोज थोडे पाणी. एका महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी उकरून पाहायचे. साल पहिल्या खेपेलाच सापडत नाही. सुती चिंधी विरते, बोटांत धरली की फाटते. कृत्रिम धागा आणि पाकीट धुऊन घेतले की जसेच्या तसे. ज्या मुलाच्या घरी माग आहे, त्याला ती चौथी कुंडी विसरता येणार नाही. टाकलेली वस्तू कुठे जाते, हा प्रश्न त्याला इथे प्रथमच पडतो, आणि उत्तर कुणी सांगितलेले नसते, त्याने स्वतः उकरून काढलेले असते. प्लास्टिकबंदीवरच्या दहा भाषणांपेक्षा मी ही एक कुंडी पसंत करीन.

करून पाहण्याची ही रीत मध्य प्रदेशातल्या शाळांना नवी नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे जिल्हाभर पसरला, १९८२ नंतर एकलव्य या संस्थेने तो सांभाळला, आणि २००२ साली सरकारी निर्णयाने तो थांबला. गावच्या शाळेत, स्वस्त सामानात, साध्या शिक्षकाकडून विज्ञान होऊ शकते हे त्या तीस वर्षांनी दाखवले. इकडे महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्याकडे जावे, हा त्यांचा विचार. केळीच्या गावातल्या शाळेने खांबाच्या ढिगाकडे जावे, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे सांगायला हवी. आपल्या समाजात कचरा आणि शेण कोणी उचलायचे हे जातीने ठरवले, आणि घरात ते बाईने करायचे असे ठरले. शाळेत झाडू मुलींच्या हाती जातो, घाणीचे काम ठरावीक वस्तीतल्या मुलांना सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. खताचा उपक्रम याच वळणावर गेला तर तो न केलेला बरा. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्यावे अशी मागणी केली; ती नाकारली गेली म्हणून त्यांनी अन्न सोडले, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग आयुष्यभर केले. ती माणसे ज्या गोष्टीसाठी उपाशी राहिली, ती आपल्या वर्गात हजेरीच्या क्रमांकाने पाळी लावून साधते. पाळी हजेरीनेच लावावी, निवडीने नाही. यादीत शिक्षकाचे आणि मुख्याध्यापकांचे नाव असावे, आणि त्यांच्या पाळीच्या दिवशी टोपली त्यांनीच उचलावी. शिक्षा म्हणून कोणालाही ढिगावर पाठवू नये. हे तीन नियम पाळता येत नसतील तर पुढची पाने उलटू नयेत.

काळजीचे दोन शब्दही इथेच. ढिगाला विंचू येतो, कधी सापही; म्हणून ढीग परतण्याचे काम मोठ्या माणसाने दाताळ्याने करावे, मुलांनी टाकावे, पाहावे, मोजावे. काच, पत्रा, ब्लेड आधी वेचून काढावे, तेही मोठ्यांनी. शिजलेले अन्न थोडेच घालावे आणि लगेच पाल्याने झाकावे, नाहीतर कुत्री आणि उंदीर येतात. काम झाल्यावर साबणाने हात धुणे हा उपक्रमाचाच भाग समजावा.

वेळापत्रकावर बहुतेक शाळा अडतात. जुलैत उत्साह असतो, पण मुसळधार पावसात उघडा खड्डा डबके होतो. आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असते, बऱ्हाणपूरचे ऊन ढीग वाळवून टाकते. म्हणून आपल्या भागासाठी दोन फेऱ्या सुचवल्या आहेत. पहिली अनंत चतुर्दशीनंतर. घरोघरच्या आणि मंडळांच्या गणपतीचे निर्माल्य तापीवर जाण्याऐवजी शाळेत येऊ द्यावे. त्यातले दोरे, चमकी, थर्माकोल मुलांसमोर वेगळे काढावे. भाविकांना हे पटते, कारण निर्माल्य पायदळी येत नाही, मातीलाच मिळते. डिसेंबरच्या आसपास हे खत तयार होते. दुसरी फेरी माघात, पानगळ सुरू होताच. याच दिवसांत शाळेचे आवार झाडून पाला पेटवण्याची सवय आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घालून दंड ठरवला, हे मुख्याध्यापकांनी लक्षात ठेवावे. मुलांना मात्र दंड सांगण्याची गरज नाही, त्यांना धूर ठाऊक आहे. ही दुसरी फेरी एप्रिलअखेर बरीचशी उतरते. सुट्टी लागण्याआधी भरपूर पाणी देऊन ढीग शेणमातीने लिंपावा. तो आत मुरत राहतो आणि जूनमध्ये, शाळा उघडते तेव्हा, पेरणीला उपयोगी पडतो.

पाण्याचा विषय या जिल्ह्यात टाळता येत नाही. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून वाहून आणणारा कुंडी भंडारा बऱ्हाणपुरात बांधला गेला. शाळेच्या सहलीत मुले तो पाहतात. केळी हे भरपूर पाणी मागणारे पीक आहे आणि विहिरी खोल चालल्या आहेत. सहलीनंतर वर्गात दोन कुंड्या घ्याव्यात, एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि खत निम्मे-निम्मे. दोन्हींत एक-एक तांब्या पाणी ओतून खाली किती ठिबकते ते मोजावे, आणि कोणती कुंडी किती दिवस ओली राहते ते पाहावे. सातपुड्याच्या मातीत पाणी का मुरते आणि उघड्या बरड जमिनीवरून ते का वाहून जाते, हे यातून कळते.

ढीग दर आठवड्याला खाली बसतो. एका काठीवर खुणा करून तो किती बसला ते मोजणे हे तिसरीच्या मुलांचे गणित आहे. पाचवीची मुले त्याचा आलेख काढू शकतात. तापमान, पाणी, वास, दिसलेले किडे, सगळे वहीत यावे. कधी ढीग तापणारच नाही, कधी त्यात गोम निघेल, कधी नुसता लगदा होईल. तेही लिहावे, तारखेसह, आणि पुढच्या फेरीत काय बदलायचे ते मुलांनी ठरवावे.

पहिले खत विकू नये. पाकिटे भरून शाळेच्या नावाने विकण्याचा मोह होतो, प्रदर्शनात ते चांगलेही दिसते. पण पहिल्या वर्षी ते मुलांच्याच कामी यावे. निम्मे शाळेच्या परसबागेला, मेथी-पालक-वांग्यांना, म्हणजे ते भोजनाच्या ताटात परत येईल. उरलेले ओंजळ-ओंजळ घरी न्यायला द्यावे. ज्यांच्याकडे केळीबाग आहे त्यांनी एका पिलाच्या बुडाशी ते घालून, त्या पिलाला खूण करून, शेजारच्याशी ताडून पाहावे. नोंदवहीचे नमुने शेवटी दिले आहेत. रकाने कमी पडले तर मुलांना स्वतः आखू द्यावेत. त्यांच्या घरच्या भाषेत, मराठीत, निमाडीत, उर्दूत, हिंदीत, जशी नोंद येईल तशी येऊ द्यावी, आणि शुद्धलेखन त्या वहीत तपासू नये.